मर्यादवेलीला अंगण द्या

आमच्या किनारपट्टीवरील धर्मग्रामांत गेली काही वर्षे एक नवे वेड शिरले आहे. त्याचे नाव सुशोभीकरण. नवे घर बांधले की अंगणाचे सुशोभीकरण, चर्चचा सण जवळ आला की आवाराचे सुशोभीकरण, निवडणूक जवळ आली की किनाऱ्याचे सुशोभीकरण. तिन्ही ठिकाणी कृती एकच. असलेली वाळू दडपून टाकायची, तिच्यावर कुठल्याशा डोंगरातून खणून आणलेल्या तांबड्या मातीचा थर पसरायचा, त्यावर रोपवाटिकेतून आणलेल्या लॉनच्या चौकोनी वड्या अंथरायच्या, उरलेल्या जागेत सिमेंटचे पेव्हर ब्लॉक ठोकायचे आणि कडेने शोभेच्या पामच्या कुंड्या मांडायच्या. या सगळ्याआधी एक काम उरकावे लागते. त्याला कंत्राटदाराच्या भाषेत ‘रान काढणे’ म्हणतात. त्या रानात जी सर्वांत आधी उपटली जाते ती मर्यादवेल. तिचा कैवार घेण्यासाठी आम्ही आज लेखणी उचलली आहे.

वसईच्या पश्चिम किनाऱ्यावर, उत्तन-गोराईच्या पुळणीवर, खाली वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यातही ही वेल वाळूवर पसरलेली असते. किनाऱ्यावर राहून जिने ती पाहिली नाही अशी व्यक्ती विरळा. मात्र तिचे नाव विचारले तर पुष्कळजण ‘ते जांभळ्या फुलांचे रान’ एवढेच सांगतात. पान जाड, गुळगुळीत, आपट्याच्या पानासारखे मधोमध चिरलेले. खोड जमिनीलगत सरपटत जाते आणि प्रत्येक पेऱ्यातून वाळूत मूळ सोडते. एखादी वेल शंभर फुटांपर्यंतही धावते. फूल गुलाबी-जांभळे, दोन-अडीच इंच रुंद, कण्यासारखे नव्हे, कर्ण्यासारखे, आत गडद कंठाचे. सकाळी उमलते आणि दुपार कलली की मिटते. दुसऱ्या दिवशी त्याच वेलीवर दुसरी फुले हजर. भरतीची रेषा जेथे संपते तेथून ही वेल सुरू होते. समुद्राची मर्यादा दाखवणारी म्हणून ती मर्यादवेल. इतके अर्थपूर्ण नाव आमच्या भाषेने तिला दिले आणि आम्ही मात्र तिला रान ठरवले.

शास्त्रज्ञांनी तिला वेगळे नाव दिले. लिनियसने १७५३ साली तिची नोंद करताना पानावरून ‘पेस काप्रे’, म्हणजे शेळीचा पाय, असे म्हटले. ज्या वडीलधाऱ्यांनी लॅटिन मिस्सा ऐकली आहे त्यांना या शब्दांचा नाद परका वाटू नये. पण लिनियसच्याही आधी ही वेल ग्रंथात आली होती. मलबारच्या डच वसाहतीचा प्रमुख व्हान रेडे याने ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध करवला व तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या अकराव्या खंडात या वेलीचे चित्र आहे. त्या ग्रंथाच्या उभारणीत सुरुवातीला संत योसेफचे मत्तेओ नावाचे एक इटालियन कार्मेलाइट धर्मगुरू होते, केरळचे वैद्य इट्टी अच्युतन होते आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. पहिल्या खंडात या तिघांचे प्रशस्तिपत्र कोंकणी भाषेत व नागरी लिपीत छापलेले आहे. तमिळांची संगम कविता तर याहून कितीतरी जुनी. सागरतीराच्या तिच्या विभागात हेच फूल ‘अडुंबू’ या नावाने येते. सांगायचा मुद्दा एवढाच की, जिला कवींनी, वैद्यांनी आणि एका संन्याशाच्या सहकाऱ्यांनी नोंद घेण्याजोगी मानले, तिला उपटण्यासाठी आम्ही आज रोजंदारीने मजूर लावतो.

असे का व्हावे? आमच्या मते याचे मूळ वाळूविषयीच्या लाजेत आहे. वाळूवर घर बांधणाऱ्या माणसाचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे की काय, वाळू म्हणजे दोष अशी समजूत मनात घट्ट बसली आहे. त्या दाखल्यात मूर्ख ठरतो तो बांधणारा. वाळूला तेथे कोणीही नावे ठेवलेली नाहीत. आमच्या आजोबा-पणजोबांनी याच रेताड जमिनीत शेणखत, पेंड आणि मासळीचे खत घालून केळी, नागवेल, मोगरा पिकवला. ती माणसे वाळूशी बोलत असत. कोणत्या कोपऱ्यात काय रुजेल हे त्यांना ठाऊक होते, आणि जेथे काहीच रुजत नसे, त्या समुद्राकडच्या उघड्या, उन्हाने भाजणाऱ्या पट्ट्यात ते हात घालत नसत. तो पट्टा मर्यादवेलीचा होता. आज वाडी विकली गेली, तुकडा पडला, बंगला उठला. आणि नव्या मालकाला, तो आमचाच भाऊबंद असला तरी, पहिली अडचण वाटते ती याच उन्हाची आणि याच वाळूची.

तेव्हा तो माती मागवतो. हिशेब करून पाहू. एका गुंठ्यावर सहा इंचांचा थर द्यायचा तर जवळजवळ साडेपाच ब्रास माती लागते. ही माती आकाशातून पडत नाही. ती कोणत्यातरी टेकडीची कड कापून, कोणत्यातरी आदिवासी पाड्यामागचा उतार उघडा करून ट्रकमधून येते. तीन-चार पावसाळ्यांत तिचा बारीक अंश वाळूत झिरपून जातो, वर खडे राहतात, आणि पुन्हा ट्रक बोलवावा लागतो. मग पाणी. एका गुंठ्याच्या लॉनला ऐन उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तर ते सुमारे ५०० लिटर होते. शहरातील माणसामागे दररोज १३५ लिटर पाणी हे शासकीय नियोजनाचे प्रमाण आहे. म्हणजे गुंठाभर लॉन जवळजवळ चार माणसांचे पाणी पिते. मार्च ते मे या ९२ दिवसांत सुमारे ४६,००० लिटर. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर! आणि ते पिऊन ती हिरवळ देते काय? तिला फूल नाही, फळ नाही, मधमाशीला तिच्यात काही नाही. आणि कुटुंबातील मुलांनी तिच्यावर खेळायचे नाही, कारण ती दबते.

येथे कोणी म्हणेल की पाणी आम्ही आमच्याच विहिरीचे वापरतो, तुमचे काय गेले? किनाऱ्यावरील विहीर कोणा एकाची कधीच नसते. रेताड किनाऱ्याखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि त्याचे गणित मोठे नाजूक आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट वर असेल तर त्याच्या तळाशी सुमारे चाळीस फूट गोडा साठा असतो. ती पातळी एक फूट खाली गेली की खारे पाणी तितक्याच प्रमाणात वर सरकते. एकाने उपसायचे आणि शेजाऱ्याची विहीर मचूळ व्हायची, असा हा व्यवहार आहे. वसईकरांना हे नव्याने सांगायला नको; विहिरींतून टँकर भरून नेण्याविरुद्ध येथील लोक एकेकाळी रस्त्यावर उतरले होते. ज्या घरातील थोरले तेव्हा टँकरच्या आडवे गेले, त्याच घरातील धाकटे आज लॉनसाठी बोअरिंग मारतात, याला काय म्हणावे? पावसाचे पाणी धरून ठेवणारी बावखले भरावाने बुजवली, अंगणे पेव्हर ब्लॉकने बुजवली, आणि वाळूने जे पाणी फुकट जिरवले असते ते आता गटारातून खाडीला जाते.

मर्यादवेलीला यातले काहीच लागत नाही. तिची मुळे खोल उतरतात, जाड पाने पाणी राखतात, खारा वारा तिला मानवतो आणि वाळूची उपासमार तिच्या अंगवळणी पडलेली आहे. एकदा जीव धरला की तिला टँकर नको, खत नको, माळी नको. बहुधा हाच तिचा गुन्हा असावा. जिच्यावर पैसा खर्च होत नाही तिच्यात कोणाचा रस असणार? फुलांच्या बाबतीत तर आम्हां वाडीवाल्यांची नजर पुरती बाजारी झाली आहे. जास्वंद, मोगरा, सोनचाफा यांच्या टोपल्या दादरला नेऊन आमच्या कित्येक कुटुंबांनी मुले शिकवली, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. पण त्यातून एक खोड जडली. ज्याला दादरला भाव नाही ते फूलच नव्हे! दुपारपर्यंत टिकणारे हे जांभळे फूल हारात ओवता येत नाही, वेदीवरच्या फुलदाणीत ठेवता येत नाही. मान्य. ते वेलीवरच पाहावे लागते, आणि पाहायला सकाळी उठावे लागते.

आता अंगण सोडून चार पावले समुद्राकडे जाऊ. कारण अंगणात जी खोड लागली तिनेच पुळण खाल्ली आहे. मर्यादवेल किनाऱ्यावर जे काम करते ते सर्वांच्या डोळ्यांसमोर चालते, पण कोणाच्या लक्षात येत नाही. वाऱ्याबरोबर वाळू उडत येते. वेलीच्या पानांत वाऱ्याचा वेग मोडतो आणि वाळूचे कण खाली पडतात. वेल त्यात गाडली जाते, परंतु गाडलेल्या पेऱ्यातून नवे मूळ फुटते आणि शेंडा पुन्हा वर येतो. पुन्हा वाळू, पुन्हा शेंडा. असे वर्षानुवर्षे होत वाळूचा उंचवटा तयार होतो. तिच्या मागे काटेरी समुद्रगवत, त्यामागे निर्गुडीसारखी झुडपे, त्यामागे केवडा व मोठी झाडे अशा रांगा लागतात. पावसाळ्यात खवळलेला समुद्र या उंचवट्यातील वाळू उचलून नेतो व उथळ पाण्यात तिचा बांध घालतो. त्या बांधावर लाटा फुटतात. समुद्र शांत झाला की हळूहळू ती वाळू परत येते. म्हणजे तो उंचवटा ही किनाऱ्याची ठेव आहे: गरजेला काढायची, सुगीत भरायची. तो सपाट केला की ठेव मोडली.

ठेव मोडून आम्ही काय केले? दगडांचे बंधारे मागितले. ज्या गावात समुद्र घरात शिरतो त्या गावाने बंधारा मागू नये असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. कोळीवाड्यातील माउलीला पाणी चुलीपर्यंत आल्यावर वेलीचे गुणगान ऐकवणे हा अडाणीपणा होईल. पण बंधाऱ्यावर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि जेथे बंधारा संपतो तेथून पुढच्या गावाची पुळण खचू लागते, हेही तितकेच खरे. सुरूच्या झाडांचेही तसेच. १८६८ च्या सुमारास कारवारच्या किनाऱ्यावर सुरू आणला गेला आणि पुढे आमच्या किनाऱ्यांवर त्याची बने उभी राहिली. मागच्या रांगेत तो शोभतो, सावली देतो, सरपण देतो. परंतु त्याला पहिल्या रांगेत, थेट भरतीरेषेवर उभा केला की त्याच्या सुयांसारख्या पाल्याचा थर खाली साचतो, वेल उन्हाला मुकते, आणि वेल गेली की वाळू जाते. मग सुरूची मुळे उघडी पडतात व एकेक झाड समुद्रात आडवे होते. हे दृश्य पाहायला लांब जायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात नारळी-पोफळींबरोबर सुरूही कसे भुईसपाट झाले हे सर्वांनी पाहिले आहे. वेल आडवी होत नाही, कारण ती मुळातच आडवी आहे.

२६ डिसेंबर २००४ ची ती सकाळ आमच्या वाचकांना विसरता येणार नाही. नाताळचा दुसरा दिवस. वेळांकणीच्या किनाऱ्यावर यात्रेकरूंची गर्दी होती, आणि त्सुनामीच्या लाटांनी शेकडो जीव नेले. त्यानंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. अँतोनियो मास्कारेन्यस यांनी आपल्या सहकाऱ्यासह तमिळनाडूचा किनारा अभ्यासला. वाळूचे उंचवटे व त्यांवरील वनस्पती जेथे शाबूत होत्या तेथे मागच्या वस्तीची हानी कमी झाली, आणि जेथे ते सपाट झाले होते तेथे पाणी अडवायला काहीच उरले नव्हते, असा त्या अभ्यासाचा आशय आहे. मर्यादवेल लावली म्हणून त्सुनामी थांबेल असे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. थांबवतो तो उंचवटा, आणि त्यालाही मर्यादा आहे. वेल त्या उंचवट्याची गवंडी आहे, इतकेच.

कायद्यालाही हे समजले होते. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. त्यात मनाई केलेल्या गोष्टींच्या यादीत वाळूच्या टेकड्या कापणे वा त्यांचे रूप बदलणे ही गोष्ट होती, आणि तेथे कारण म्हणून करमणुकीबरोबर ‘सुशोभीकरण’ हाही शब्द स्पष्टपणे घातलेला होता. पुढे २०११ आणि २०१९ च्या अधिसूचना आल्या, अटी सैल झाल्या, सवलती वाढल्या. तरी वाळूच्या टेकड्या संवेदनशील क्षेत्रातच राहिल्या. असे असताना, आमच्या ओळखीच्या एका किनारी गावात यंत्र लावून पुळण ‘स्वच्छ’ करण्यात आली. प्लास्टिकबरोबर वेलही गेली. बाके आली, दिवे आले, नावाची पाटी आली. दोन पावसाळ्यांनंतर बाके तिरकी झाली आणि पाटीच्या खांबाचे काँक्रीट उघडे पडले. गावकरी म्हणतात समुद्र पुढे आला. समुद्राला दोष देणे सोपे. तो सभेला येऊन उत्तर देत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे: ज्यांच्या दाराशी ऊन आहे आणि वाळू आहे त्यांनी मर्यादवेल लावावी. कशी लावावी हे सांगितल्यावाचून नुसते ‘लावा’ म्हणणे हे पुढाऱ्याचे काम, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. मृग सरून पाऊस स्थिरावला की हातभर लांबीचे, चार-पाच पेऱ्यांचे तुकडे घ्यावेत. शेंडा ठेवावा, खालची पाने काढावीत. वाळूत तीन-चार इंच खोल चर काढून तुकडा आडवा निजवावा. निदान दोन-तीन पेरी गाडली गेली पाहिजेत, शेंडा बाहेर. दोन तुकड्यांत तीन फूट अंतर. पावसाने दडी मारली तर पहिले तीन आठवडे एक दिवसाआड पाणी द्यावे, पुढे देऊ नये. होय, देऊ नये. अति पाणी आणि साचलेली जागा हेच तिचे वैरी. शेणखत घातले तर पानांचा पसारा वाढेल आणि फुले रुसतील. नारळाच्या दाट सावलीत ती जगते, पण बहरत नाही. दिवसाचे सहा तास तरी उघडे ऊन हवे.

बियांपासूनही वेल येते, मात्र तेथे धीर लागतो. वाळलेल्या बोंडात चार बिया असतात, तपकिरी, मखमली लवेच्या. त्यांचे कवच इतके कठीण की त्या समुद्रात महिनोन् महिने तरंगून दुसऱ्या देशाच्या किनाऱ्यावर रुजतात. जगातील सगळ्या उष्ण किनाऱ्यांवर ही वेल पोहोचली ती याच प्रवासाने. असले बी नुसते पेरले तर ते आपल्या सवडीने उगवेल. म्हणून पॉलिश पेपरवर एका बाजूने घासून आतला फिका भाग दिसू लागला की रात्रभर पाण्यात ठेवावे व सकाळी इंचभर खोल पेरावे. हे काम मुलांना द्यावे. त्यांना ते आवडते. खोडातून पांढरा चीक येतो, तेव्हा हात डोळ्यांना लावू न देता धुवायला लावावेत, आणि बिया तोंडात घालू देऊ नयेत. थायलंडमध्ये जेलीफिशच्या दंशावर हिचा पाला वाटून लावण्याची जुनी रीत आहे. पण आमचा लेख वाचून कोणी डॉक्टरकडे जाणे टाळू नये.

आक्षेप आमच्या कानावर आहेत. वेलीत साप येतात, असा पहिला. दाट हिरवाईत साप येऊ शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून उंबऱ्यापासून चार-पाच फूट वाळू मोकळी ठेवावी आणि वेल तिच्या पलीकडे राहू द्यावी. पूर्वी अंगण झाडून स्वच्छ ठेवत ते याचसाठी. वेल आवरत नाही, असा दुसरा. नागवेलीचे मळे राखणाऱ्यांच्या नातवंडांनी हा आक्षेप घ्यावा याचे नवल वाटते. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीच्या सुमारास, कडेने कोयता फिरवला की ती कह्यात राहते. दहा बाय दहा फुटांहून लहान वाफ्यात ती लावू नये, भाजीच्या वाफ्यालगतही लावू नये. महामार्गाच्या पूर्वेकडील चिकण मातीत, पाणथळ जागेत तिचे काम नाही. तेथील बांधवांनी आमचे ऐकून तिचा छळ करू नये.

आणखी एक आक्षेप जरा सुशिक्षित आहे: तुम्ही देशीचा अभिमान मिरवता, परकी झाडे तुम्हांला खुपतात. असे मुळीच नाही. काजू, मिरची, पपई, अननस ही सारी समुद्रापलीकडून आली आणि आमच्या जेवणात मुरली. दफनभूमीतला पांढरा चाफा अमेरिकेचा, आणि वाळूत कोणी न लावता उगवणारी सदाफुली मादागास्करची. मर्यादवेलीच्या जोडीला सदाफुली अवश्य लावावी; तिलाही ऊन आणि वाळू पुरते. आमचे भांडण येणाऱ्याच्या गावाशी नाही. जो येऊन चार माणसांचे पाणी मागतो आणि त्याच्यासाठी घरच्याला हाकलावे लागते, त्याच्याशी आहे.

राहता राहिले आमच्या चर्चचे आवार. येथे मात्र आम्ही थोडे कडक बोलणार आहोत. घरमालकाला त्याच्या अंगणात हवे ते करण्याचा हक्क आहे असे एक वेळ मानू. परंतु आवार सगळ्यांचे असते आणि तेथे जे होते ते पाहून घरोघरी तसेच होते. ज्या धर्मग्रामात आवारात पेव्हर ब्लॉक आले, तेथे दोन वर्षांत गल्लीतील निम्मी अंगणे तशी झालेली आम्ही पाहिली आहेत. समुद्राकडच्या धर्मग्रामांच्या परिषदांनी आवाराच्या उन्हाच्या बाजूचा एक पट्टा, तोही चांगला रुंद, मर्यादवेलीसाठी राखावा. दफनभूमीच्या कुंपणालगतची वाळू तर तिच्यासाठीच आहे. २ नोव्हेंबरला कबरींवर प्लास्टिकची फुले वाहण्याची जी रीत पडली आहे तिच्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. तूर्त इतकेच की पावसाळा संपल्यावर, नेमकी त्या दिवसांत, ही वेल फुलांनी भरलेली असते, आणि ती फुले नंतर कोणाला जाळावी लागत नाहीत.

तुकडे कोठून आणायचे, हा शेवटचा प्रश्न. भरतीरेषेजवळच्या उंचवट्यावरील वेल तोडू नये. अंगण सजवण्यासाठी पुळण उघडी करायची तर मग कंत्राटदारात आणि आमच्यात फरक काय राहिला? रस्त्याच्या कडेने पसरलेल्या वेलीचे दोन-चार तुकडे घ्यावेत, किंवा ज्याच्याकडे ती आहे त्याच्याकडून मागून घ्यावेत. त्याहून सोपा मार्ग आहे. येत्या मे-जूनमध्ये आपल्या पंचक्रोशीत कोठे ना कोठे सुशोभीकरण सुरू असेलच. तेथल्या मुकादमाला आदल्या दिवशी भेटून ठेवावे. उपटलेल्या वेलींचा ढीग ट्रकमध्ये चढण्यापूर्वी तो फुकट देईल, वर हसेलही. एका ढिगात दहा अंगणांची वेल असते. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच संध्याकाळी वाटून टाकावी.